जेवणानंतरची वीस मिनिटं: ख्रिस्ती घरात गोष्टींचं वाचन कसं सुरू करावं

अहिल्यानगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूर अशा भागांतून नोकरीसाठी कळव्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात येऊन राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं चर्च लवकर शोधून काढतात. रविवारची उपासना, ओळखीची गाणी, पाळकसाहेबांची पहिली भेट हे सगळं महिन्याभरात जुळून येतं. मागे पडते ती घरातली संध्याकाळ. गावी आजी नाहीतर थोरले काका सगळ्यांना गोळा करून प्रार्थनेला बसवत. इथे ते कोण करणार? वडील रबाळ्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येतात, आई ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून उतरते, मुलं क्लासहून येतात, आणि जेवण झालं की ज्याचा त्याचा मोबाइल.

हा लेख अशा घरांसाठी आहे. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुनेला, नव्याने श्रद्धेकडे वळलेल्या माणसाला, किंवा लहानपणापासून चर्चला जाऊनही घरी कधी एकत्र वाचलं नाही अशा कुणालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. माझं म्हणणं एवढंच की कुटुंब-प्रार्थना आणि गोष्टीचं पुस्तक एकाच बैठकीत असावं. प्रभू येशूने शिकवताना दाखले सांगितले. पेरणी करणारा शेतकरी, हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडून काढणारी बाई, मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र, अशी रोजच्या ओळखीची माणसं घेऊन त्याने देवराज्य समजावलं. गोष्ट म्हणजे नुसती करमणूक असं धरून तिला प्रार्थनेपासून लांब ठेवलं, तर त्याच्या शिकवण्याची अर्धी रीतच आपण सोडून देतो.

आधी वेळ ठरवा

रोज जमवायचा हट्ट धरू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. घरात शिफ्टची नोकरी असेल तर वार बदलता ठेवा, पण कोणते वार ते रविवारी चर्चहून आल्यावरच सगळ्यांना सांगून टाका. वेळ जेवणानंतर लगेचची. एक गाणं, दहा-बारा मिनिटं वाचन, थोड्या गप्पा, शेवटी छोटी प्रार्थना, एवढं वीस मिनिटांत बसतं. 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक घरात असेल तर गाणं त्यातलंच घ्या, मुलांना चर्चमध्ये तेच परत ऐकू येतं. कॅथलिक घरांत मे आणि ऑक्टोबरमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, त्या महिन्यांत वाचन आठवड्यातून एकदाच ठेवलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ताटं, खरकटं, ओटा हे सगळ्यांनी मिळून आवरायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून तसंच ठेवून बसायचं. बाकीचे गाणं म्हणताहेत आणि आई एकटी भांड्यांशी उभी आहे, अशी कौटुंबिक प्रार्थना मला पटत नाही.

कोणतं बायबल घ्यावं

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. नवऱ्याचं घर एका पंथाचं आणि बायकोचं माहेर दुसऱ्या पंथाचं असेल तर घरात दोन्ही ठेवा, त्यावरून वाद घालत बसू नका. ज्या गोष्टींनी सुरुवात करायची त्या दोन्हीकडे आहेत.

जुन्या भाषांतराची मराठी भारदस्त आहे आणि ती कानावर पडलीच पाहिजे. पण दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच रात्री ती जड जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' अशा वेळी हाताशी असावं. वसईचे हे धर्मगुरू २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मुलांना जरूर सांगा. आपली भाषा आणि आपली श्रद्धा एका माणसात किती सहज नांदू शकतात हे त्यातून कळतं.

पहिले चार दिवस: रूथ

सुरुवातीसाठी रूथच्या पुस्तकाइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही. चारच अध्याय आहेत, म्हणजे चार बैठका. शिवाय ही गोष्ट दुष्काळामुळे गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची आहे. पोटासाठी मुलूख बदललेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्या अध्यायात नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परदेशातून गावी निघते. ती सुनांना माहेरी परत जायला सांगते. एक रडत रडत जाते, दुसरी, म्हणजे रूथ, जात नाही. गावच्या बाया नामीला ओळखतात तेव्हा ती म्हणते की मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे 'कडू' म्हणा, कारण देवाने मला फार दुःख दिलंय. इथे वाचन थांबवा आणि विचारा, नामी देवावर रागावली आहे, हे चालेल का? माझा अनुभव असा की मुलं या प्रश्नावर लगेच बोलतात आणि मोठी माणसं गप्प होतात. नववीतली मुलगी आजीला म्हणते, "आजी, आजोबा गेले तेव्हा तूही रागावली होतीस ना?" आजी जरा वेळाने म्हणते, "होते गं. आठ दिवस प्रार्थनाच केली नव्हती." घरातल्या कुणालाच हे ठाऊक नसतं. प्रवचनातून हे बाहेर येत नाही, गोष्टीतून येतं.

दुसऱ्या अध्यायात रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचायला जाते. शहरात वाढलेल्या मुलांना सरवा म्हणजे काय ते माहीत नसतं. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं गोरगरीब वेचून नेतात तो सरवा, आणि तो गरिबांसाठी सोडावा असं बायबलमधलं नियमशास्त्रच सांगतं. गावी कुणी हे काम केलं असेल तर त्यांना फोन लावा आणि मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. तिसऱ्या अध्यायातली खळ्यावरची रात्र लहानांसाठी थोडक्यात आटोपली तरी हरकत नाही. चौथ्यात वेशीपाशी व्यवहार ठरतो, लग्न होतं, नातू होतो, आणि गावच्या बाया नामीला सांगतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. हे वाक्य सासूने मोठ्याने वाचावं. मुद्दाम ठरवून.

रूथनंतर लूकचा पंधरावा अध्याय घ्या. उधळ्या पुत्राचा दाखला सगळ्यांना पाठ असतो, म्हणूनच तो नीट वाचला जात नाही. शेवटाकडे बघा. धाकटा घरी आलाय, वासरू कापलंय, गाणं-बजावणं चाललंय. थोरला शेतातून येतो, रागावून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. दाखला इथेच संपतो. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तो पुढे काय करेल? ज्या घरात दोन भाऊ जमिनीवरून बोलेनासे झालेत, तिथे हा प्रश्न किती खोल जातो ते तुम्हीच पाहाल.

मोठ्याने वाचायचं, आणि आळीपाळीने

इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी छान बोलतात, पण छापलेल्या जोडाक्षरांपाशी अडतात. त्यांच्या हातात पान देऊन "वाच" म्हटलं की ती पुढच्या वेळी पोट दुखतंय म्हणतात. आधी त्यांना संवाद द्या. निवेदन आई-वडील वाचतील, बवाजचं बोलणं मुलगा, रूथचं बोलणं मुलगी. दोन ओळींपासून सुरुवात झाली तरी नाताळपर्यंत अर्धं पान येतं. मधेच चुका दुरुस्त करू नका, अर्थ हरवत असेल तेवढाच शब्द सांगा. आजी-आजोबांचे डोळे अधू असतील तर त्यांनी वाचायचं नाही, सांगायचं. त्यांना आख्खी वचनं तोंडपाठ असतात.

आता कथा-कादंबरी

बायबलमधल्या गोष्टींची सवय लागली की दुसरं पुस्तक आणा. प्रेरणादायी कथा-कादंबऱ्या म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी पुस्तकंच येतात. खरं तर मराठी कादंबरीची सुरुवातच एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून झाली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. यमुना आणि विनायक हे जोडपं प्रवास करतं आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखं पाहतं. भाषा जुनी आहे, उपदेशही बराच आहे, त्यामुळे सलग वाचायला घेऊ नका. मोठ्यांपैकी एकाने आधी वाचून त्यातला एखादा प्रसंग घरी सांगावा. नवरा-बायको जोडीने दुसऱ्याचं दुःख पाहायला निघतात, ही कल्पनाच त्या काळात केवढी मोठी होती.

त्याआधी, १८४१ साली, हरि केशवजींनी जॉन बन्यनची इंग्रजी कथा 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणली होती. मूळ पुस्तक १६७८ चं. पाठीवर ओझं घेऊन निघालेला यात्रेकरू, वाटेतली दलदल, क्रुसापाशी गळून पडणारं ओझं, हे सगळं मुलं डोळे मोठे करून ऐकतात. तेही सांगावं, वाचू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. तरीही माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे, कारण श्रद्धा आणि संसार यांची ओढाताण इतक्या खरेपणाने दुसरीकडे वाचायला मिळत नाही. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं म्हणजे एक मोडलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं घर आहे. दुःख आहे, तसं पोट धरून हसवणारे प्रसंगही पानोपानी आहेत. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला आणि तिथून सगळं सुरू झालं, हा भाग मुलांना आवर्जून वाचून दाखवा. ज्या घरात नवरा-बायकोपैकी एकजणच चर्चला जातो, तिथे हे पुस्तक दोघांनी मिळून वाचावं. कुणी कुणाला ओढत नेऊ नये आणि कुणी कुणाला सोडूही नये, हे त्यातून आपोआप कळतं.

एकाच बैठकीत संपणारं काही हवं असेल तर टॉलस्टॉयची १८८५ सालातली चांभाराची कथा शोधा. मार्टिन तळघरात राहतो. खिडकीतून त्याला रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात, पण तो जोड्यांवरून माणूस ओळखतो, कारण बहुतेक जोडे त्याच्याच हातून गेलेले. बायको-मुलं गेल्यामुळे तो देवावर रुसलेला असतो, मग शुभवर्तमान वाचायला लागतो. एके रात्री त्याला आवाज येतो, उद्या रस्त्यावर लक्ष ठेव, मी येणार आहे. दुसऱ्या दिवशी तो वाट बघत बसतो. येतो तो बर्फ काढून दमलेला म्हातारा, त्याला तो चहा देतो. मग थंडीत कुडकुडणारी तान्ह्या बाळाची आई येते, तिला जेवू घालतो, अंगावर घ्यायला जुनं वस्त्र देतो. मग सफरचंद चोरणारा पोरगा आणि त्याला धरून ठेवणारी विक्रेती, त्या दोघांची तो समेट घडवतो. प्रभू आलाच नाही असं त्याला वाटतं, आणि रात्री कळतं की तो तीनदा येऊन गेला. इथे मत्तयचा पंचविसावा अध्याय काढून शेवटचा भाग वाचा, भुकेल्याला, उघड्याला दिलं ते मलाच दिलं, असं प्रभू जिथे म्हणतो तो. कथा आणि वचन एकमेकांना असं धरून असतात तेव्हा वेगळं समजावण्याची गरज उरत नाही. लहान मुलं दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांना चहा नेऊन द्यायला निघतात. त्यांना अडवू नका.

आठवी-नववीतल्या मुलांना इंग्रजी जवळची असेल तर सी. एस. लुईस यांची नार्नियाची पुस्तकं द्या. १९५० ते १९५६ या काळात ती सात पुस्तकं आली. मुलांनी इंग्रजीत वाचावं आणि रात्री घरच्यांना मराठीत सांगावं. आजीला नातवाकडून, दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्या सिंहाची गोष्ट ऐकताना येशूचं दुःखसहन ओळखू येतं आणि नातू चकित होतो.

पुस्तक चांगलं की नाही, कसं ओळखायचं

मुखपृष्ठावर क्रूस आहे म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही. मी तीन गोष्टी पाहते. पहिली, प्रार्थना केली की लगेच नोकरी, लगेच मूल, लगेच आजार बरा, असं प्रत्येक प्रकरणात होत असेल तर ते पुस्तक घरात नको. ज्या घरातलं आजारपण प्रार्थना करूनही हटलं नाही त्या घराला अशी गोष्ट जखम करते. काही चूक नसताना दुःख सोसणाऱ्या ईयोबचं पुस्तक आपल्याच बायबलमध्ये आहे, हे अशा लेखकांच्या लक्षात राहत नाही.

दुसरी, वाईट माणूस नेहमी दुसऱ्या धर्माचाच दाखवला असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा. आपण दिवाळीचा फराळ आणि ईदची खीर घेणारी माणसं आहोत, नाताळच्या करंज्या चाळीभर वाटणारी माणसं आहोत. येशूने जखमी वाटसरूचा दाखला सांगताना मदत करणारा निवडला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांना नकोसा वाटणारा परका माणूस. त्याच्यापेक्षा आपली गोष्ट कोती असू नये.

तिसरी, पात्रांना शंका पडते का? बाईला मन आहे का, की ती नुसती सोशिकपणाचा पुतळा आहे? नवऱ्याचा मार खाऊन प्रार्थना करत राहणारी आणि शेवटी त्याचं मन पालटणारी नायिका काही कथांत भेटते. ती आदर्श म्हणून मुलींपुढे ठेवू नये. अशी कथा हाती आलीच तर वाचून झाल्यावर स्पष्ट बोला की मार सहन करणं हा ख्रिस्ती धर्म नाही. अशा वेळी पाळकसाहेब, फादर, महिला मंडळातल्या मावश्या, गरज पडली तर पोलीस, यांच्याकडे जायचं असतं.

वर्षाचं गणित

चर्चचं वर्ष तुमचं वेळापत्रक बनवून देतं. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक पूर्ण होतं. हा एकच महिना रोजचा नेम धरा. राखेच्या बुधवारानंतरच्या उपवास काळात मार्कचे १६ अध्याय आठवड्याला दोन-तीन असे घ्या, पवित्र सप्ताहापर्यंत ते संपतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचायची जुनी पद्धत आहे, पण तो भाग मोठ्यांसाठी, मुलं त्यात रमत नाहीत. कादंबरी मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात. जुलैत लोकल बंद पडून सगळे लवकर घरी अडकतात, ती संध्याकाळ कथेचीच.

पुस्तकं कुठे मिळतील

ठाण्यात राहता आणि मराठी ग्रंथ संग्रहालयाचे सभासद नाही, असं होऊ देऊ नका. १८९३ पासूनची ही संस्था आहे. 'यमुनापर्यटन', 'स्मृतिचित्रे', टिळकांची कविता, बाबा पदमनजींचं आत्मचरित्र 'अरुणोदय', हे सगळं लेखकाच्या नावाने मागा. चर्चच्या कपाटात जुन्या मासिकांचे गठ्ठे पडलेले असतात, तेही विचारून चाळा. १८४२ साली नगरला सुरू झालेला 'ज्ञानोदय', १९०३ साली सुरू झालेला 'निरोप्या', वसईची 'सुवार्ता' यांच्या अंकांत छोट्या कथा सापडतात आणि त्या एका बैठकीत संपतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकाशिवाय, चालता चालता सांगायची. रविवारी ठाण्याच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चकडून तलावपाळीला फिरायला जाल तेव्हा मुलांना सांगा की सातशे वर्षांपूर्वी, १३२१ साली, चार फ्रान्सिस्कन साधू याच गावात आले होते. त्यांच्यात टोलेंटिनोचा थॉमस होता, तिफ्लिसचा डिमेट्रियस होता. ते इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. पुढे ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलं की त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने तिला मारलं, तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या साधूंचं नाव सांगितलं. त्यातून ते दरबारापुढे आले, धर्माची चर्चा झाली, आणि एप्रिलमध्ये त्यांना मारण्यात आलं. हे सांगताना आजच्या शेजाऱ्यांबद्दल कडवटपणा येईल असा एकही शब्द नको. विचारायचं ते एवढंच: त्या बाईचं पुढे काय झालं असेल? तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिची गोष्ट मुलांनाच रचू द्या, पुढच्या बैठकीला ती वाचायला सांगा. लिहायला लागलेलं मूल वाचायचं सोडत नाही.

शेजाऱ्यांना बोलवायचं असेल तर

सहा-आठ महिने घरात रुळल्यावर आणखी दोन-तीन घरं जोडून घ्या, महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच बाजूची, म्हणजे घणसोलीच्या माणसाला रात्री घोडबंदरला यावं लागणार नाही. खाणं चहा-बिस्किटांपुरतंच ठेवा, नाहीतर पुढच्या घरच्या बाईवर ओझं वाढत जातं. ख्रिस्ती नसलेली मैत्रीण यायची म्हणाली तर आनंदाने घ्या. तिला आधीच सांगा की सुरुवातीला गाणं आणि शेवटी प्रार्थना असते, तिने नुसतं बसलं तरी चालेल. कथेवर बोलताना तिचं मत तितक्याच मानाने ऐका. पुस्तक एकच असेल तर आत एक कागद ठेवून कुणाकडे गेलं ते लिहा, आणि ज्याचं वाचून झालं त्याने ते पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यावं, मुलांच्या हाती पाठवू नये. त्या दहा मिनिटांच्या दारातल्या बोलण्यात पुस्तकाबद्दलचं खरं मत कळतं, आणि कुणाकडे काय अडचण चालली आहे तेही कळतं.